फुल्ल दाखवतंय, पण फुल्ल आहे का?

दिवाळी आणि मे महिना, या दोन सुट्ट्यांच्या आधी येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो : पार्क ठरलं, रजा मंजूर झाली, खोली तेवढी मिळत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिकाला जायचंय. आम्ही दोघं, सासू-सासरे, मुलगी १२ वर्षांची आणि मुलगा ७ वर्षांचा. पार्काला लागून असलेल्या हॉटेलात शनिवारची रात्र शोधतोय. कुठलाही शनिवार घातला तरी ‘सोल्ड आउट’. दोन वेगळ्या अ‍ॅपवर तेच. एवढं मोठं हॉटेल भरतं तरी कसं?
— वाघबीळ, घोडबंदर रोड

त्या हॉटेलात २८७ खोल्या आहेत. दिवाळीतल्या शनिवारी त्या सगळ्या जाऊही शकतात. पण अ‍ॅपवरच्या ‘सोल्ड आउट’चा अर्थ तसाच असेल असं नाही. तुम्ही घातलेल्या तारखा, माणसं आणि खोल्या यांच्या गणितात बसणारं काही या अ‍ॅपकडे आत्ता विकायला नाही, एवढंच त्यातून कळतं. गणित बदललं की उत्तर बदलतं.

आधी माणसांचा हिशेब. सहा जण घातले की बरीच अ‍ॅप आपणहून दोन खोल्या करतात, पण वाटणी त्यांच्या मनाने होते : एका खोलीत तीन मोठे, दुसरीत एक मोठा आणि दोन मुलं. तीन मोठ्यांना एक्स्ट्रा बेड लागतो. तो मावेल अशी खोली शिल्लक नसली की अख्खा शोध रिकामा येतो, बाकी साध्या खोल्या असल्या तरी. म्हणून वाटणी हाताने करा. खोली पहिली : दोन मोठे, एक मूल. खोली दुसरी : तेच. मुलीचं वय १२ आहे, हा इथला काटा. काही हॉटेलांत १२ पूर्ण झालेल्याला मोठं माणूस धरतात, काहींत धरत नाहीत. वय कमी दाखवून बुकिंग करू नका, काउंटरवर फरक भरावा लागतो आणि त्या वेळचा दर तुमच्या बाजूचा नसतो. हेही जमलं नाही तर एकच खोली, दोन मोठे असं शोधून बघा. ती दिसली तर हॉटेल पूर्ण भरलेलं नाही, दुसरी खोली फोनवर मागायची.

मग रात्रींचा हिशेब, आणि खरी गोम बहुतेक वेळा इथेच असते. गर्दीच्या शनिवारी हॉटेलं त्या दिवशीचं आगमन बंद करतात किंवा किमान दोन रात्रींची अट घालतात. धंद्याच्या भाषेत पहिल्याला ‘क्लोज्ड टू अरायव्हल’ म्हणतात. शनिवारी एकच रात्र विकली की शुक्रवार नि रविवार रिकामे पडतात, म्हणून शनिवारची खोली शुक्रवारी येणाऱ्याला किंवा दोन रात्री घेणाऱ्यालाच द्यायची. अ‍ॅप हे कारण सांगत नाही, नुसतं ‘सोल्ड आउट’ लिहितं. तेव्हा शुक्रवार ते रविवार असं शोधा. नंतर शनिवार ते सोमवार शोधा. यातल्या एकीकडे जरी खोली दिसली आणि एकट्या शनिवारी दिसली नाही, तर कारण कळलंच. मुलांची सुट्टी असताना आम्ही तर रविवारची रात्र सुचवू : रविवारी दुपारी चेक-इन, सोमवारी पार्क. दर उतरलेला असतो आणि राइडच्या रांगाही.

तिसरं कारण ब्लॉक. कंपन्यांच्या ऑफसाइट, शाळांच्या सहली आणि लग्नं यांच्यासाठी तीस-चाळीस खोल्या एकदम अडवून ठेवलेल्या असतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की मुंबई-पुण्याच्या मधल्या रिसॉर्टांत हे फार होतं. तारीख पक्की करण्याआधी पंचांगातली लग्नमुहूर्तांची यादी एकदा चाळा. मुहूर्ताचा शनिवार टाळलात तर अर्धं काम झालं. या ब्लॉकला रिलीजची तारीख असते. करारागणिक ती महिनाभर, तीन आठवडे, दोन आठवडे किंवा आठवडाभर आधीची असते. त्या दिवशी पाहुण्यांची अंतिम यादी जाते आणि न लागलेल्या खोल्या हॉटेलकडे परत येतात. ट्रॅव्हल एजंटांना दिलेल्या कोट्याचंही तसंच.

हे विचारायचं असतं फोनवर, आणि नेमक्या शब्दांत. ‘रूम आहे का?’ असं विचारलंत तर समोरचा स्क्रीनकडे बघून ‘नाही’ म्हणणार. त्याऐवजी विचारा : ‘त्या शनिवारी ग्रुप ब्लॉक आहे का? तो रिलीज कधी होतो? वेटलिस्टला नाव घ्याल का, दोन खोल्या, दोन मोठे आणि एक मूल प्रत्येकी?’ फोन रिझर्व्हेशनला करा, तिथे लागला नाही तर फ्रंट ऑफिसला, आणि संध्याकाळी साडेचार-पाचच्या सुमारास. सकाळी चेक-आउटची झुंबड असते, दुपारी दोननंतर चेक-इनची. त्या वेळात फोन उचलणाऱ्याला तुमच्याशी बोलायला उसंत नसते. रिलीजची तारीख कळली की तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन.

दिवाळीतही सगळे दिवस सारखे नसतात. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज बरीच घरं घरीच असतात, भाऊबीज झाली की लोंढा निघतो. सासू-सासऱ्यांची हरकत नसेल तर वसुबारसेच्या आधीची रात्र बघा.

एक पैशांची गोष्ट, कारण दोन खोल्या म्हणजे सगळंच दुप्पट. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचं एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. ७,४०० ची खोली करासकट ७,७७० ला पडते, ७,६०० ची ८,९६८ ला. भाड्यात फरक दोनशेचा, खिशातून जास्तीचे जातात १,१९८. तेव्हा कराआधीचा आकडा बघा. अ‍ॅपवरच्या ‘सीपी’, ‘मॅप’ या अक्षरांकडेही लक्ष असू द्या : सीपी म्हणजे नाश्त्यासह, मॅप म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. दिवसभर पार्कात असणाऱ्याला मॅपमधलं जेवण फक्त रात्रीच कामी येतं.

तिथे नाहीच जमलं तर खोपोली गाव, खालापूर किंवा घाट चढून लोणावळा. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे हे ध्यानात ठेवा. महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर याच भागात, त्यामुळे अंगारकी आणि माघी गणेशोत्सवात इथले लॉजही मिळत नाहीत, आणि त्याचा पार्काशी काही संबंध नसतो.

प्रश्न : ठाण्याहून इमॅजिका एका दिवसात होतं असं सगळे म्हणतात. मग खोली घ्यावीच का?
— चरई

एकटं थीम पार्क करायचं असेल तर नको. ठाण्याहून अंतर साधारण ७० ते ७५ किलोमीटर. सकाळी सातला निघालात तर गेट उघडायच्या आत पोचाल. वॉटर पार्कही करायचं असेल, तर त्याचं तिकीट वेगळं आणि दिवसही वेगळा, तेव्हा रात्र हवी. रविवारी संध्याकाळी परतायचं असेल तर खालापूर टोलनाक्याची रांग हिशेबात धरा. पेंगुळलेली मुलं नि ओले कपडे घेऊन त्या रांगेत बसण्यापेक्षा रविवारची रात्र तिथेच काढून सोमवारी सकाळी निघणं पुष्कळांना परवडतं.

प्रश्न : पुढच्या जूनमध्ये अमेरिकेला भावाकडे जाणार आहोत, त्यात ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड सात रात्री. आम्ही दोघं, मुलं ९ आणि ६ वर्षांची आणि आई. डिस्नेच्या स्वस्तातल्या हॉटेलांपैकी एकही दिसत नाही, दिसतात ती आवाक्याबाहेरची. दहा महिने आधीच सगळं संपलं? व्हिसाही अजून झालेला नाही.
— नेरुळ

संपलेलं नाही. डिस्ने वर्ल्डची बुकिंग ४९९ दिवस आधी उघडते हे खरं, पण दहा महिने आधी सगळी स्वस्त हॉटेलं भरली असं सहसा होत नाही. तुमच्या शोधात पाच माणसं आहेत, आणि अडतंय ते तिथे. ऑल-स्टार आणि पॉप सेंच्युरी या सर्वांत स्वस्त गटातल्या साध्या खोलीत चारच माणसं चालतात, वर पाळण्यात तीन वर्षांखालचं बाळ. पाच टाकले की ती हॉटेलं यादीतून गळतात. पॉप सेंच्युरीत २,८८० खोल्या आहेत, पण पाचव्या माणसापुढे त्यातली एकही उपयोगाची नाही.

शोध पुन्हा करा, या वेळी दोन मोठे आणि दोन मुलं. हॉटेलं दिसायला लागतील. मग तुमच्यापुढे तीन वाटा. पहिली, दोन खोल्या : आई आणि एक मूल एकीत. दोघा मुलांना एकत्रच ठेवायचं असेल तर ‘कनेक्टिंग रूम’ची विनंती करा, पण ती विनंतीच असते, हमी नव्हे. दुसरी, फॅमिली सुइट : आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन आणि ऑल-स्टार म्युझिकमध्ये सहा जणांचे आहेत, त्यांना मागणी जास्त आणि ते आधी जातात. तिसरी, पोर्ट ऑर्लिन्स रिव्हरसाइड किंवा कॅरिबियन बीच, यांच्या काही खोल्यांत पाचवा छोटा पलंग खाली ओढून निघतो. तो लहान मुलाच्या मापाचा असतो, आईंना त्यावर झोपवायचा विचार नको. आम्ही दोन स्वस्त खोल्या आणि एक सुइट यांचे दर समोरासमोर ठेवून बघायला सांगू. कित्येकदा दोन खोल्याच स्वस्त पडतात, शिवाय दोन बाथरूम मिळतात, आणि सकाळी पाच जणांना आवरून बसस्टॉपवर पोचायचं असतं तेव्हा त्याची किंमत कळते.

सात रात्री एकदम मागूनही अडतं. एक रात्र भरलेली असली तरी सातही रात्री ‘उपलब्ध नाही’ दिसतात. वहीच्या पानावर सात चौकटी आखा आणि एकेक रात्र स्वतंत्र शोधा : १० ते ११, ११ ते १२, अशी. ज्या चौकटीत फुली येईल ती तुमची अडचण, बाकी सहा रात्री मोकळ्या आहेत. मग फुलीच्या रात्रीसाठी दुसरं हॉटेल घ्या किंवा मुक्काम दोन हॉटेलांत विभागा. डिस्नेच्याच दोन हॉटेलांमध्ये बदलायचं असेल तर सकाळी सामान बेल सर्व्हिसकडे द्यायचं, ते ती पुढच्या हॉटेलात पोचवते. खोली अकराला सोडायची, नवी तीननंतर मिळते, मधला वेळ पार्कात. पासपोर्ट आणि औषधं मात्र स्वतःजवळ ठेवा.

व्हिसा झालेला नाही म्हणता, तर पॅकेज न घेता नुसती खोली घ्या, म्हणजे ‘रूम ओन्ली’. त्यात सुरुवातीला एका रात्रीचे पैसे जातात आणि आगमनाच्या पाच दिवस आधीपर्यंत रद्द केलंत तर ते परत मिळतात. तिकिटांसकटच्या पॅकेजला २०० डॉलर आधी आणि बाकी ३० दिवस आधी भरावे लागतात, त्यानंतर रद्द केलं तर कापून घेतात. ‘नॉन-रिफंडेबल’ दर कितीही खाली दिसला तरी व्हिसा हातात येईपर्यंत त्याकडे बघू नका. डिस्नेच्या टाइमशेअर सभासदांकडून (दरवर्षीच्या मुक्कामाचा हक्क पॉइंटच्या रूपात आधीच विकत घेतलेल्यांकडून) पॉइंट भाड्याने घेऊन खोली मिळवण्याची रीत आहे, ती स्वस्त पडते, पण ते पैसे बहुधा परत मिळत नाहीत. म्हणून तुम्हाला नको.

हीच मुदत शोधणाऱ्याच्या फायद्याची. पॅकेजवाल्यांना ३० दिवस आधी पूर्ण पैसे भरायचे असतात, त्यामुळे ज्यांचं डळमळतं ते त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत रद्द करतात. खोल्यांची एक लाट तेव्हा परत येते, दुसरी पाच-सहा दिवस आधी. तुम्हाला हवं ते हॉटेल आज नसेल तर दुसरं धरून ठेवा आणि या दोन खिडक्यांत रोज सकाळ-संध्याकाळ बघा. जूनमध्ये ऑर्लँडोचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ, तेव्हा चहा झाल्यावर बघितलंत तरी चालेल.

डिस्नेच्या जागेत पण मॅरियटच्या हाताखाली स्वान आणि डॉल्फिन ही हॉटेलं आहेत. त्यांच्या खोल्या मॅरियटच्या साइटवरही शोधता येतात आणि डिस्नेकडे काही नसताना तिथे सापडतं. एपकॉट पायी जाता येतं. पार्कात अर्धा तास आधी प्रवेश मिळतो तो त्यांच्या पाहुण्यांनाही, आणि रांग टाळायचं लाइटनिंग लेन सात दिवस आधी घेता येतं ते त्यांनाही. बाहेर राहणाऱ्याला हे तीनच दिवस आधी मिळतं. मात्र या हॉटेलांचं रिसॉर्ट शुल्क दर रात्री वेगळं लागतं, तुलना करताना ते आधी मिळवा. वर तिथला कर, ऑरेंज काउंटीत साडेबारा टक्के.

प्रश्न : परदेशी हॉटेलच्या साइटवर खोली मिळाली, तीनदा कार्ड घातलं, तिन्ही वेळा नाकारलं. तेवढ्यात खोली गेली. बँक म्हणते कार्ड चालू आहे.
— वाशी, सेक्टर १७

कार्ड चालू असेल, पण परदेशी ऑनलाइन व्यवहाराचं बटण बंद असेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नवीन कार्डांवर ही सोय मुळात बंदच येते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डच्या सेटिंगमध्ये जा. तिथे ‘इंटरनॅशनल’खाली दुकानातला वापर, एटीएम आणि ऑनलाइन असे वेगवेगळे खटके असतात. ऑनलाइनचा चालू करा आणि खालची मर्यादाही वाढवा, ती पुष्कळदा दहा-वीस हजारांवर अडकलेली असते. हे बुकिंगच्या आदल्या दिवशी करा, काम झालं की पुन्हा बंद.

तीनदा प्रयत्न केल्यावर खोली ‘गेली’ असं दिसतं तेव्हा कित्येकदा ती तुमच्याच अडकलेल्या बुकिंगमध्ये धरलेली असते. पैसे भरण्याच्या पानावर खोली काही मिनिटं राखून ठेवतात. पंधरा-वीस मिनिटं थांबून दुसऱ्या ब्राउझरवर बघा. आणि बऱ्याच कार्डांना परकी चलनावर साडेतीन टक्के मार्कअप, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के लागतात. लाखाला ४,१३०. रद्द केलं तर हे सहसा परत येत नाहीत, त्यामुळे ‘फुकट रद्द’ हे इथून बघताना अगदी फुकट नसतं.

प्रश्न : मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टोकियो डिस्ने. डिस्नेची सहाही हॉटेलं भरलेली. ऑफिशियल हॉटेलांचे दर तिप्पट. साइट बिघडली आहे का?
— ऐरोली

साइट ठीक आहे, आठवडा चुकलाय. २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचा गोल्डन वीक. २९ एप्रिल, ३, ४ आणि ५ मे या सरकारी सुट्ट्या, त्यातली ५ मेची तर बालदिनाची. सगळा देश फिरायला निघतो. आपल्या शाळांची सुट्टी नेमकी त्यावर येते. तिकिटं काढली नसतील तर पुढे ढकला. ७ मेनंतरचे कामाचे दिवस धरा, तीच हॉटेलं निम्म्याच्या आसपास आलेली दिसतील.

तारखा बदलता येत नसतील तर डिस्नेच्या हॉटेलांचा नाद सोडा. फॅन्टसी स्प्रिंग्ज २०२४ च्या जूनमध्ये उघडलं, त्याच्या ४७५ खोल्या. मिराकोस्टाच्या ५०२, आणि ते तर डिस्नेसी या तिथल्या दुसऱ्या पार्काच्या आतच आहे. खोल्या इतक्या कमी आणि मागणी अख्ख्या जपानची. शिल्लक राहिलीच तर सेलिब्रेशन हॉटेलमध्ये, ते शिन-उरायासूला आहे आणि तिथून शटल बस आहे. बुकिंग दररोज एकेका पुढच्या तारखेची उघडते, जपानी वेळेनुसार सकाळी ११ ला, म्हणजे आपल्या सकाळी साडेसातला. त्याआधी लॉगिन, नावं (पासपोर्टवर आहेत तशीच) आणि कार्ड भरून तयार राहायचं. रद्द झालेल्या खोल्या मात्र दिवसभर कधीही येतात.

शोधताना मुलांचे रकाने नीट भरा. जपानी साइटवर प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलाला मोठ्यांच्याच पलंगावर झोपवण्याचा पर्याय असतो. ‘पलंग लागेल’ असं भरलंत तर चार पलंगांची खोली शोधली जाते, आणि तशा थोड्याच असतात.

बाहेर राहायचं तर पार्काचं स्टेशन माइहामा, जेआर केइयो लाइन. टोकियो स्टेशनपासून पंधरा मिनिटं. सगळे टोकियो स्टेशनजवळ हॉटेल घेतात आणि पस्तावतात, कारण केइयो लाइनचा फलाट तिथे जमिनीखाली इतका आत आहे की मुख्य फलाटांपासून दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. रात्री झोपलेलं मूल खांद्यावर असताना ते अंतर वाढतं. टोकियोच्या पुढचंच स्टेशन हात्चोबोरी. तिथे हे चालणं नाही, आणि हॉटेलं मुख्यतः ऑफिसवाल्यांची, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी शिल्लक असतात. खोल्या अरुंद असतात, दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवता येत नाहीत, एवढं माहीत असू द्या.

शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर निशि-कासाइ बघा. भारतीय वस्तीचा भाग, किराणा दुकानं आणि खानावळी आहेत. २०१९ साली योगेंद्र पुराणिक एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तोच हा वॉर्ड. शेजारच्या कासाइ स्टेशनवरून पार्कापर्यंत बस जाते.

प्रश्न : हाँगकाँग डिस्नेलँडच्या आत राहणं चांगलं की बाहेर? मे महिना.
— खारघर

आत तीन हॉटेलं, मिळून १,७५० खोल्या : ४००, ६०० आणि ७५०. १ ते ५ मे मुख्य चीनमध्ये सुट्टी असते, तेव्हा आतलं विसरा. पुढच्या मंगळवार-बुधवारी आरामात मिळतं. एका रात्रीसाठी आत, बाकी बाहेर, हा आमचा कौल. बाहेर म्हणजे तुंग चुंग. विमानतळाजवळ, मेट्रोने एक स्टेशन सनी बे, तिथे गाडी बदलली की पुढचं स्टेशन डिस्नेलँडच. जानेवारी २०२५ पासून हाँगकाँगमध्ये खोलीवर ३ टक्के हॉटेल कर पुन्हा सुरू झालाय, वर १० टक्के सेवाशुल्क. स्क्रीनवरच्या आकड्यात ते धरलेले आहेत की नाहीत ते बघा. भारतीय पासपोर्टवाल्यांनी आगमनपूर्व नोंदणी ऑनलाइन करायची असते, फुकट आहे, पण ती होईपर्यंत परत न मिळणारी खोली घेऊ नये.

प्रश्न : पार्काजवळच्या एका हॉटेलचा नंबर नकाशावर मिळाला. फोनवरच्या माणसाने सांगितलं, दोनच खोल्या उरल्यात, आत्ता अर्धे पाठवा. क्यूआर कोड पाठवला. ९,००० गेले. हॉटेलात विचारलं तर अशी नोंदच नाही.
— कळवा

आधी १९३० वर फोन, हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक. सोबत बँकेला. जितक्या लवकर तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ आणि चॅटचे फोटो जवळ ठेवा. तक्रार ऑनलाइन सायबर क्राइम पोर्टलवरही नोंदवा आणि पोचक्रमांक जपून ठेवा.

नकाशावरचा फोन नंबर कोणीही बदल सुचवून बदलू शकतो, आणि गर्दीच्या सुट्टीत हेच होतं. खोली शोधून दमलेला माणूस ‘दोनच उरल्यात’ ऐकलं की विचार करत नाही. पैसे पाठवण्याआधी यूपीआयच्या पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. तिथे हॉटेलच्या किंवा त्याच्या कंपनीच्या नावाऐवजी एखाद्या माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा. क्रमांक हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा घ्या, आणि जीएसटी क्रमांकासकट ‘प्रोफॉर्मा इन्व्हॉइस’, म्हणजे पैसे भरण्याआधीचं कच्चं बिल, ईमेलवर मागा. खरं हॉटेल ते दहा मिनिटांत पाठवतं. खोटं हॉटेल घाई करतं.

प्रश्न : खोली बुक होती, कन्फर्मेशनही होतं. ट्रॅफिकमुळे रात्री दहाला पोचलो तर काउंटरवर सांगितलं, खोली दिली गेली. असं करता येतं?
— कोपरखैरणे

पैसे भरले होते की नाही यावर आहे. ‘पे अ‍ॅट हॉटेल’ असेल आणि कार्डही दिलेलं नसेल तर बरीच हॉटेलं संध्याकाळी सहापर्यंतच खोली धरतात, नंतर ती दारात उभ्या असलेल्याला देतात. कन्फर्मेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. पनवेलच्या पुढे गाडी अडकली की तिथूनच फोन करून ‘लेट अरायव्हल’ नोंदवायला सांगा, आणि ज्याने नोंदवलं त्याचं नाव विचारून ठेवा.

पैसे भरलेले असतील तर प्रकरण वेगळं. ते ओव्हरबुकिंग, म्हणजे कोणीतरी येणार नाही या हिशेबावर खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतलेली. अशा वेळी काउंटरवरच्या मुलाशी वाद घालून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. ड्यूटी मॅनेजरला बोलवा आणि तीन गोष्टी मागा : त्याच दर्जाच्या जवळच्या हॉटेलात आज रात्रीची खोली त्यांच्या खर्चाने, तिथपर्यंत गाडी, आणि ‘खोली उपलब्ध करून देता आली नाही’ असं लेखी, सही-शिक्क्यानिशी. अ‍ॅपवरून बुकिंग असेल तर तिथेच उभं राहून अ‍ॅपच्या मदत क्रमांकालाही फोन लावा, काउंटर सोडू नका. बरोबर अमेरिकन किंवा दुसरा परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक असतील, ओसीआय कार्डवाले धरून, तर पर्यायी हॉटेल परदेशी पाहुण्यांची सरकारी नोंद (बोलण्यात ‘सी फॉर्म’) करतं का हे आधी विचारा. परदेशी पाहुण्याची ती नोंद २४ तासांत करावी लागते, ही कटकट नको म्हणून छोटे लॉज असे पाहुणे घेतच नाहीत, आणि रात्री अकराला हे दुसऱ्या काउंटरवर कळू नये.